मुलगी अठराची झाली आणि बैठक बसली

तुमची मुलगी अठरा वर्षांची झाली, त्या दिवशी तुमच्या घरात तिच्याबद्दलचं पहिलं वाक्य कोण बोललं, आणि काय बोललं?

आमच्या घरात ते माझे भासरे बोलले. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. मे महिन्यातली सकाळ होती. मुलगी न्हाऊन ओसरीत केस पुसत उभी होती. मी तिला ओवाळायचं ताट करत होते. आमची दोन घरं एका भिंतीची. भासरे त्यांच्या दारातून निघून आमच्या ओसरीत आले, खाटेवर बसले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "चाल, झाली पोट्टी अठराची. आता पोलिसाचं भेव नाई."

नवरा हसला. मी निरांजन पेटवत होते, ती काडी माझ्या बोटापर्यंत जळत आली.

माझ्या धाकट्या लेकरानं या जगात अठरा वर्षं काढली. गोवर काढला, शाळेच्या पायऱ्यांवरून पडून हनुवटीला टाके घेतले, बारावीत विज्ञान घेऊन पास झाली. या सगळ्याचा हिशेब भासऱ्यांच्या डोक्यात एकच होता: आता पोलिसाची भीती नाही. कायदा म्हणतो, अठराच्या आत मुलीचं लग्न लावू नका. आमच्याकडे लोक त्याचा अर्थ काढतात की अठरा झाले रे झाले की लावा. धावण्याच्या शर्यतीत पोरं रेषेवर पाय ठेवून शिट्टीची वाट बघतात, तसे हे लोक माझ्या मुलीच्या वाढदिवसाची वाट बघत बसले होते, आणि मला ते माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी थोरला मुलगा अठराचा झाला होता. तेव्हा हेच भासरे म्हणाले होते, "काय करतं बे आता? पुण्याले जातं का अकोल्याले?" तोच अठरावा वाढदिवस, तेच घर. त्याला विचारलं, कुठं जातोस. तिच्याबद्दल ठरलं, कुठं द्यायची.

मी वरवट बकालची सून, माहेर धाडचं. वडील किराणा दुकानात कामाला होते, पण गावात त्यांची ओळख वेगळी. धाडच्या आठवडी बाजारात ते पत्रकं वाटायचे. दारूबंदीची, हुंडाबंदीची, अंगात येणाऱ्या बायांच्या ढोंगाविरुद्धची, मुलींना शिकवा म्हणून. घरात गठ्ठ्यांनी पत्रकं असायची. आई त्यांच्यावर पापड वाळवायची. मी अक्षरं पुस्तकातून शिकले नाही, पापडाखालच्या पत्रकांवरून शिकले. त्यामुळे मला अजूनही वाटतं की वाक्य लिहायचं तर कुणाला तरी जागं करायला लिहायचं, नाहीतर कशाला शाई वाया घालवा.

त्या वडिलांनी माझं लग्न मला अठरा पूर्ण झाल्यावर पंधरवड्याच्या आत लावलं. त्यांना त्याचा अभिमान होता. "लोक पंधरा-सोळाला उरकतात, मी अठरा पूर्ण होऊ दिले," असं ते मांडवात सांगत फिरत होते. हुंडा दिला नाही, घेऊ दिला नाही. आणि मांडवात त्यांनी पत्रक वाटलं. 'हुंड्याविना विवाह, समाजासमोर आदर्श' असं ठळक अक्षरांत. माझ्याच लग्नात माझ्याबद्दल छापलेलं पत्रक माझ्याही हातात आलं. मी शालू नेसून ते वाचलं. त्यात वराकडच्यांचं कौतुक होतं, वडिलांच्या विचारांचं कौतुक होतं, कायद्याचा आदर होता. मला लग्न करायचं होतं का, हे त्यात नव्हतं. छापणाऱ्यांना जागा कमी पडली नसावी. कुणाच्या मनातच आलं नसावं.

सासरच्यांनी सांगितलं होतं, लग्नानंतर शिकू देऊ. शिकले, पण कसं ते मला विचारा. दोन लेकरं मांडीवर घेऊन बाहेरून बीए केलं. परीक्षेच्या दिवशी सासूबाईंना बरोबर ताप यायचा. आता बचत गटाच्या बायांसाठी मी पत्रकं लिहिते, गावोगाव वाचली जातात. मला अजून चाळिशी लागली नाही. आणि तरी धाकटी अठराची झाली तशी मला गावातल्या बाया म्हणायला लागल्या, "आता काय बाई, शेवटची उजवली की सुटल्या तुमी. मंग देवदेव करा." उजवणं म्हणजे लग्न करून देणं. माझं लेकरू उजवलं की मी सुटणार! कशातून सुटणार? माझ्या मुलीनं मला कधी बांधलं होतं? मला ज्यांनी बांधलं ते सगळे त्या यादीत येतच नाहीत.

आता मुलीबद्दल. तिला विजेचं वेड. वऱ्हाडात मे महिन्यात माणूस जेवणावाचून दोन दिवस काढील, कूलरवाचून एक दुपार काढणार नाही. कूलरचा पंप बंद पडला की आमच्या गल्लीत मिस्त्रीच्या आधी माझ्या मुलीला हाक. शेजारची म्हातारी दारातून ओरडायची, "अवं पोरी, माह्या कूलरनं जीव सोडला वं!" आणि ही टेस्टर घेऊन पळायची. पहिल्यांदा तिनं आमचाच कूलर खोलला तेव्हा ती नववीत होती. झटका बसून मागं पडली, उठली, आणि म्हणाली, "आई, कुठं चुकलं थे समजलं मले." मी तिला थापड मारणार होते. हसायला आलं.

तिनं ठरवलं होतं, खामगावला आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करायचा. दोन वर्षं. वसतिगृहात राहायचं. मला सांगितलं होतं, बाबांना सांगितलं होतं. बाबा "हाव, पाहू" म्हणाले होते. "पाहू" म्हणणारा माणूस नाही म्हणत नाही, म्हणून घरातल्या बाया वर्षानुवर्षं फसतात.

वाढदिवसानंतर तीन-चार दिवसांनी भासऱ्यांनी निरोप दिला. माझ्याशी ते थेट बोलत नाहीत. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोशी भासरा बोलत नाही, तिनंही त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि बसायचं नाही. ते नवऱ्याशी बोलतात, मी शेजारी उभी असते, आणि बोलणं मला असतं. "सांग तिले, पोरीले शेगावले नेऊन आना. अठराची झाली, पास झाली, महाराजाचं दर्शन नको घडवाले?"

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. वाटलं, माणसाला उशिरा का होईना सुचलं.

जाऊबाई मात्र सकाळी येऊन म्हणाल्या, "तिले साडी नेसव वं."

"दर्शनाले साडी कायले? ड्रेस चांगला हाय तिचा."

"नेसव म्हनलं तं नेसव. देवाच्या दारात जाऊन राह्यली."

मुलगी हसून म्हणाली, "मोठी आई, एस्टीत चढताना पाय अडकते माह्या," आणि ड्रेसच घालून निघाली.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर तुम्हाला पुढचं एव्हाना कळलं असेल. नसाल तर सांगते. आमच्याकडे मुलगी पाहण्याची एक पद्धत आहे. मुलीकडचे शेगावला दर्शनाला येतात, मुलाकडचेही शेगावला दर्शनाला येतात. दर्शन झाल्यावर बाहेर कुठंतरी चहाच्या दुकानात दोघं 'अचानक' भेटतात. पसंत पडली तर म्हणायचं, काय योग आहे. नाही पडली तर कुणी काही पाहिलंच नाही, आपण तर दर्शनाला आलो होतो. मुलीला नकार आला असं होत नाही, म्हणून ही पद्धत मुलीच्या इज्जतीसाठी आहे, असं सांगतात. इज्जत मुलीची, आणि मुलीलाच माहीत नसतं की ती कुठं उभी आहे.

दर्शन झालं. आम्ही पाचजण होतो: भासरे, जाऊबाई, नवरा, मी, मुलगी. बाहेर येऊन लॉजच्या रांगेतल्या एका हॉटेलात चहाला बसलो. तेवढ्यात भासरे उठले, दोन्ही हात पसरले. "अरे अरे अरे! पाहुणे! तुमी इथं कसे?"

एक जाडसर गृहस्थ, त्यांची बायको, बायकोची बहीण आणि एक तरुण मुलगा. मुलगा मोबाइल बघत होता. गृहस्थ म्हणाले, "महाराजानं बलावलं, आलो! योग पाहा ना कसा!"

योग! मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कपातल्या चहाकडे बघत होता. त्याला माहीत होतं.

मुलीला नव्हतं. ती उठून त्यांना जागा देत होती, दुसरी खुर्ची ओढून आणत होती. "बसा मावशी, फॅनच्या खाली बसा." तिला वाटलं, पाहुणे आहेत. आम्ही तिला तसंच वाढवलं आहे, पाहुणे आले की उठायचं.

मग त्या मावशी, म्हणजे मुलाची आई, कामाला लागल्या. "पोरी, त्या टाकीवरून पाणी आन बरं," म्हणजे चाल पाहिली. "हे पिशवी उचल बरं, मले जड होते," म्हणजे हात पाहिले. आणि मग डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "चष्मा इसरली वं मी घरी. समोर थ्या बोर्डावर काय लिवलं हाय, वाचून दाखवतं का? आमाले लॉज पाह्याचा हाय."

माझी मुलगी तिथंच बारावी शिकली, तिला तो सगळा रस्ता पाठ. तरी ती दारापर्यंत गेली आणि रस्त्यापलीकडचा बोर्ड खणखणीत वाचला. लॉजचं नाव, खाली बारीक अक्षरात 'गरम पाण्याची सोय', 'कुटुंबासाठी स्वतंत्र खोल्या', सगळं. वर म्हणाली, "पण मावशी, हा महाग हाय. मांगच्या गल्लीत चांगले हायेत, मी नेऊन देऊ का?"

मावशींनी बहिणीकडे पाहून मान हलवली. नजर चांगली आहे. बैल घेताना दात बघतात ना, तसं.

तुम्ही म्हणाल मी तेव्हाच का नाही ओरडले. ओरडायचं होतं. पण मुलगी एवढ्या माणसांत उभी होती, चेहऱ्यावर मदत केल्याचा आनंद. मी ओरडले असते तर तिला तिथंच कळलं असतं, सगळ्यांसमोर. मी दात आवळून चहा प्यायले.

परतीच्या एस्टीत मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं. ती आधी हसली. "म्हंजे मले पायलं त्यायनं? आनं थो मोबाइलवाला माह्यासाठी होता? त्यानं तं मान बी वर नाई केली." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी किती मोठ्यानं वाचला वं आई थो बोर्ड."

तिला लाज कसली वाटली बघा. फसवणाऱ्यांची नाही. स्वतःच्या चांगुलपणाची. अठरा वर्षं मी तिला शिकवलं, म्हाताऱ्या माणसांना मदत कर, विचारलं तर नीट उत्तर दे, मोठ्यांनी काम सांगितलं तर नाही म्हणू नको. एका दुपारीत त्या शिकवणीचा त्यांनी सापळा केला. माझ्या संतापाचं मूळ तिथं आहे. स्थळ वाईट होतं असं मी म्हणत नाही. मुलगा नोकरीला होता, माणसं खाऊन-पिऊन सुखी होती. चांगल्या स्थळासाठी सुद्धा माझ्या मुलीला फसवण्याचा हक्क कुणाला नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं, "तुमाले ठाऊक होतं?"

"दादा म्हनले..."

"दादा म्हनले. मी बी हाय या घरात. पोरगी बी हाय."

"पाह्यलंच तं आहे फक्त. तोडलं का काई तिचं?"

हे वाक्य तुमच्या घरात कुणी म्हटलं असेल तर मला कळवू नका, माझा आधीच खूप संताप झालेला आहे.

पसंती आली. रविवारी बैठक ठरली. बैठक म्हणजे दोन्हीकडचे पुरुष ओसरीत सतरंजीवर बसतात, बोलतात, आणि जमलं की ताटातली सुपारी अडकित्त्यानं फोडतात. सुपारी फुटली की शब्द गेला. मग मागं फिरलं तर घराण्याचं नाक जातं. आणि या बैठकीत आई बसत नाही. मुलीची नाही, मुलाचीही नाही. आई आत असते, भजे तळत असते, आणि दाराच्या फटीतून ऐकते की तिच्या लेकराचं काय ठरलं.

शनिवारी मी मुलीला विचारलं, "तुले काय पाह्यजे? खरं सांग. त्याच्याशी करायचं असन तरी सांग, मी भांडन तुह्यासाठी."

"मले खामगावले जायचं हाय."

"बस्स?"

"आनं मले विचारलेलं पाह्यजे. त्यायनं."

रविवारी पाहुणे आले, सहा-सातजण. मी भजे तळले. चहा केला. चहा जाऊबाईंच्या हातात दिला, हात पुसले, डोक्यावर पदर घेतला, आणि ओसरीत जाऊन सतरंजीच्या कडेला बसले. माझ्या नवऱ्याच्या शेजारी.

एकानं मांडी बदलली. भासऱ्यांनी माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हटलं, "सांग तिले, आत काम पडलं असन."

मी म्हटलं, "काम झालं सगळं. भजे खाऊन पाहा, मीठ बरोबर हाय."

भासरे आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्याकडे वळले, पण रीत आठवून त्यांनी तोंड पुन्हा नवऱ्याकडे केलं. पाहुण्यांमधले ते जाडसर गृहस्थ हसून म्हणाले, "बसू द्या, बसू द्या. आजकाल बाया ग्रामपंचायतीत बसतेत, इथं बसल्या तं काय झालं!" आणि सगळे हसले. मी थट्टेचा विषय होऊन बसून राहिले. उठले नाही एवढंच.

मग भासऱ्यांनी माल दाखवायला सुरुवात केली. पोरगी बारावी पास, स्वभावानं गरीब, सैपाक येते, शेतीचं कळते. आणि मग, हे ऐका, "घरातला कूलर बी सोताच दुरुस करते. मिस्त्रीचा खर्च वाचन तुमचा!" जी गोष्ट शिकण्यासाठी ती घर सोडायला निघाली होती, तीच लग्नाच्या बोलण्यात गुण म्हणून मोजली गेली. गृहस्थ खुश झाले. "वा! मंग तं आमाले पोरगी पयलेच पसंत. शिकायचं असन तर शिकू देऊ आमी लगनानंतर. आमचं काई नाई."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, तुमी देनारे कोन? शिकायचं थे तिचं ठरलं हाय. जूनमध्ये खामगावले चालली."

"कोनाचं ठरलं?" भासरे आता थेट माझ्याशीच बोलले. पदर, रीत, सगळं त्या क्षणी ओसरीबाहेर गेलं. "कोनाले इचारून ठरलं?"

"तुमी कोनाले विचारून शेगावले नेलं तिले?"

"बापाले इचारलं!"

"बाप अठराचा झाला का पोरगी अठराची झाली?"

एक म्हातारे पाहुणे गालात हसले आणि लगेच खोकून दाखवलं. भासरे लाल झाले. अडकित्ता ताटात वाजला. मी आता पुरत्या सुरात आले होते. माझ्याकडे पत्रकभर मुद्दे तयार होते. कायदा, शिक्षण, माझं लग्न, माझी बीए, सासूबाईंचा ताप. मी श्वास घेतला.

"आई, थांब."

मुलगी दारात उभी होती. तोच ड्रेस, शेगावचा. ती आली आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसली. पाया पडली नाही, खाली बघितलं नाही. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले. त्या गृहस्थांकडे बघून म्हणाली, "काका, मी सांगू का? मले लगन नाई करायचं आता. तुमच्यात वाईट काई नाई. पन तुमी मले एकदा बी विचारलं नाई. पानी आनाले सांगलं, पिशवी उचलाले सांगलं, बोर्ड वाचाले सांगलं. लगन करतं का, हे विचारलं असतं तं मी तवाच नाई म्हनलं असतं. तुमचा एवढा येण्याजाण्याचा त्रास वाचला असता."

कुणी हसलं नाही.

"पोरीले काय समजते..." भासरे सुरू झाले.

आणि माझा नवरा बोलला. "दादा. पोरगी नाई म्हनते."

एवढंच बोलला. बायांनी मला नंतर सांगितलं, तुझा नवरा चांगला निघाला. मी त्याचं कौतुक करणार नाही. चार शब्द. ते शेगावला जायच्या आधी बोलला असता तर माझ्या मुलीला त्या हॉटेलाच्या दारात उभं राहून बोर्ड वाचावा लागला नसता. बापानं मुलीचं वाक्य नुसतं पुन्हा म्हटलं की गाव टाळ्या वाजवतं. मुलगी स्वतः तेच म्हणते तेव्हा तिला काय समजते.

सुपारी फुटली नाही. पाहुणे भजे टाकून उठले. त्या गृहस्थांनी जाताना भासऱ्यांना ऐकवलं, "घरात बायकांचं राज असन तं आधी सांगाव ना." भासरे तेव्हापासून आमच्या ओसरीत येत नाहीत. जाऊबाई येतात, भिंतीआडून आवाज देऊन. परवा म्हणाल्या, "माह्या वेळी असं कोनी बोललं असतं तं..." आणि कोथिंबिरीची जुडी देऊन गेल्या.

जूनमध्ये मुलीला खामगावला सोडून आले. वसतिगृहाच्या खोलीत तिनं सगळ्यात आधी पंख्याचं बटण तपासलं. मला म्हणाली, "आता जाय तू. मी लावीन सामान." रडली नाही. मी बसस्टँडवर रडले, आणि शेजारच्या बाईनं विचारलं, "सासरी पाठवली का पोरगी?" मी म्हटलं, नाही, शिकायला. ती म्हणाली, "मंग रडता कायले?" तिला काय सांगणार? मुलगी सासरी गेली की आईनं रडावं, हे ठरलेलं आहे, त्याला गाणी आहेत, मंडळी जमतात. मुलगी स्वतःच्या पायानं निघाली, तिला आता माझ्या परवानगीची गरज उरली नाही, त्या रडण्याला आमच्याकडे गाणं नाही. अठरा वर्षं मी तिच्यासाठी भांडले, आणि ती मोठी झाली ते त्या क्षणी, जेव्हा तिनं मला थांब म्हटलं. मला ते लागलं. खोटं कशाला सांगू. मुद्दे तयार होते माझे. पण तिनं थांब म्हटलं आणि मी थांबले. मी आई म्हणून केलेल्या सगळ्या गोष्टींत ती गोष्ट मला सगळ्यात जड गेली.

इथं हे लिखाण संपवता आलं असतं. पण आमची माणसं मला ते संपवू देत नाहीत.

महिन्याभरात त्याच मोबाइलवाल्या मुलाचं जमलं. नवऱ्याच्या लांबच्या नात्यातली मुलगी. तीही नुकती अठराची झालेली. तिलाही आधी दर्शनाला नेलं होतं. बैठकीचं बोलावणं माझ्या नवऱ्याला आलं, माझ्याकडे कुणी बघितलं नाही. तो गेला. संध्याकाळी आला, तोंडात सुपारी.

मी विचारलं, "पोरीले विचारलं का कोनी?"

"नाई."

"तुमी विचारलं?"

त्यानं चपला काढल्या, हातपाय धुतले. म्हणाला, "थे दुसऱ्याची पोरगी हाय."

मी त्या रात्री जेवले नाही. कारण त्या घरातही एक आई आत भजे तळत होती, आणि ओसरीतल्या सतरंजीवर असा एक माणूस बसला होता ज्याला सगळं माहीत होतं. ज्यानं स्वतःच्या मुलीचं 'नाही' ऐकलं होतं. त्यानं सुपारी खाल्ली.

म्हणून ही विनंती त्याला नाही, तुम्हाला. तुम्ही पुरुष असाल तर येत्या उन्हाळ्यात तुम्हाला कुणाच्या तरी बैठकीचं बोलावणं येईल. जा. ताटाला अडकित्ता लागायच्या आधी मोठ्यानं म्हणा, "मुलीला बोलवा. मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे." तिच्या आईला ओसरीत बसायला जागा करा, स्वतः सरका. मग मुलीला तिच्या नावानं हाक मारून विचारा, आणि ती बोलेपर्यंत दुसऱ्या कुणाला बोलू देऊ नका. तिला बोलावलं नाही तर सुपारीला हात न लावता उठून या. तुम्ही बाई असाल तर चुलीवरून कढई उतरवा आणि बाहेर जाऊन बसा. मुलगी तुमची नसली तरी.